खालचा ध्रुव आणि टिकटिकणारी कॉइल

बायपोलर आजार म्हटलं की लोकांना आधी उन्मादच आठवतो. रात्र-रात्र न झोपणारा, दिवसाला तीन नव्या धंद्यांच्या योजना मांडणारा, बायकोचे दागिने मोडून शेअर बाजारात उतरलेला माणूस. सिनेमावाल्यांनाही हाच भाग भावतो, कारण तो पडद्यावर दिसतो. अंथरुणात पडून राहिलेला, आंघोळीला उठायचंही बळ नसलेला तोच माणूस पडद्यावर आणून दाखवणार काय? घरच्यांना मात्र विचारून पाहा. उन्मादाने झालेलं नुकसान त्यांना तारखेनिशी आठवतं, पण त्यांची वर्षं गेलेली असतात ती या दुसऱ्या टोकाशी झुंजण्यात.

आकडेही तेच सांगतात. अमेरिकेत लुईस जड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायपोलरच्या पहिल्या प्रकाराच्या, म्हणजे ज्यात पूर्ण उन्माद येतो अशा, १४६ रुग्णांचा सरासरी पावणेतेरा वर्षं आठवड्या-आठवड्याचा हिशेब ठेवला. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांचे जवळपास निम्मे आठवडे कुठल्या ना कुठल्या लक्षणांत गेले होते. सुमारे ३२ टक्के आठवडे नैराश्याचे होते, उन्मादाचे किंवा सौम्य उन्मादाचे ९ टक्के. एकास तीनहून जास्त. आत्महत्येचा धोकाही नैराश्याच्या आणि संमिश्र (म्हणजे दोन्ही टोकांची लक्षणं एकत्र येतात अशा) अवस्थेतच सर्वाधिक असतो.

आणि नेमका हाच ध्रुव उपचारांना सहजी दाद देत नाही. उन्माद आवरायला आपल्याकडे बऱ्यापैकी हत्यारं आहेत. ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये लिथियमचा परिणाम नोंदवला, तेव्हापासून ते टिकून आहे. त्याच्या सोबतीला व्हॅलप्रोएट आहे, नंतर आलेली अँटीसायकोटिक औषधं आहेत. नैराश्याचं काय करायचं? साध्या नैराश्यात देतात ती अँटीडिप्रेसंट गोळी द्यावी, तर रुग्ण उसळून थेट उन्मादात जाण्याची भीती. बरं, ही भीती बाजूला ठेवून दिलीच, तर फायदा होतो का? २००७ मध्ये गॅरी सॅक्स यांच्या गटाने हा प्रश्न ३६६ रुग्णांवर तपासला. सगळ्यांना मूड स्टॅबिलायझर, म्हणजे मनाचे चढउतार आवरणारं औषध, चालू होतं. अर्ध्यांना त्याच्या जोडीला अँटीडिप्रेसंट दिलं, उरलेल्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. सलग आठ आठवडे बरं राहणाऱ्यांचं प्रमाण अँटीडिप्रेसंटच्या गटात २३.५ टक्के निघालं, निष्क्रिय गोळीच्या गटात २७.३ टक्के. म्हणजे गोळीने ना मोठा अपाय केला ना उपकार. क्वेटियापिन, लुरासिडोनसारखी काही औषधं या अवस्थेत खरोखर उपयोगी ठरली आहेत; पण क्वेटियापिनने येणारी दिवसभराची झापड आणि वाढणारं वजन सगळ्यांनाच झेपतं असं नाही, आणि ही औषधं सगळ्यांना लागू पडतात असंही नाही.

मग उरतो ‘शॉक’. इसीटी. १९३८ मध्ये रोममध्ये चेरलेत्ती आणि बिनी यांनी तो पहिल्यांदा माणसावर वापरला. आपल्याकडे त्याची जितकी बदनामी झाली, तितका तो आज वाईट नाही. भूल देऊन, स्नायू सैल करणारं औषध देऊन, काही मिनिटांत तो उरकतो आणि तीव्र बायपोलर नैराश्यात आजही त्याच्याइतका खात्रीचा इलाज क्वचितच दुसरा असेल. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भुलीशिवाय शॉक देण्यावर बंदी घातली, हे योग्यच झालं. पण त्यात मुद्दाम फीट आणावी लागते, भूलतज्ज्ञ लागतो, काही काळ विस्मरण होतं, आणि शेजारीपाजारी काय म्हणतील याचं ओझं घरच्यांवर बसतं ते वेगळंच. फीट न आणता, भूल न देता, कवटीला धक्का न लावता मेंदूच्या ठरावीक भागापर्यंत पोहोचता आलं तर?

ही इच्छा जुनी आहे. इटालियन शास्त्रज्ञ गॅल्व्हानीचा भाचा जोव्हान्नी आल्दिनी याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोलोन्यात विषण्णतेने ग्रासलेल्या एका तरुण शेतकऱ्याच्या डोक्याला बॅटरीची वीज लावली होती. पॅरिसच्या द’आर्सोन्व्हाल यांनी १८९६ मध्ये मोठ्या कॉइलमध्ये डोकं घातल्यावर डोळ्यांपुढे प्रकाश चमकतो, असं नोंदवलं. १९८० मध्ये लंडनच्या मर्टन आणि मॉर्टन यांनी टाळूवर जोरदार विद्युतदाबाचा ठोका देऊन जागेपणी माणसाचा हात हलवून दाखवला, पण तो ठोका चांगलाच दुखायचा. वीज कवटीतून आत ढकलायची तर आधी कातडीतून जाते, आणि कातडीला वेदना कळतात.

यातून वाट काढली ती इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या अँथनी बार्कर यांनी. ते मनोविकारतज्ज्ञ नव्हते, रुग्णालयात वैद्यकीय भौतिकी सांभाळणारे गृहस्थ होते. १९८५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी डोक्यापाशी नुसती एक कॉइल धरून समोरच्याच्या हाताचे स्नायू हलवून दाखवले, तेही न दुखवता. युक्ती फॅरडेची होती, १८३१ सालची: बदलतं चुंबकीय क्षेत्र जवळच्या वाहकात वीज निर्माण करतं. इंडक्शनची शेगडी याच नियमावर चालते. वरची काच स्वतः तापत नाही. खालच्या कॉइलमुळे पातेल्याच्या बुडात प्रवाह फिरतात आणि तापतं ते बूड. इथे कवटी काचेच्या जागी आहे आणि मेंदूचा वरचा थर बुडाच्या. काही तापवायचं मात्र नसतं. कॉइलमधून हजारो अँपिअरचा प्रवाह एका मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळ सोडतात, एमआरआय यंत्राच्या तोडीचं चुंबकीय क्षेत्र क्षणभर उभं राहतं आणि विरतं, आणि त्या क्षणात खालच्या पेशींमध्ये इवलासा प्रवाह उमटून त्या पेटतात. हाड आणि कातडी या क्षेत्राला जवळजवळ अडवतच नाहीत. त्याची मर्यादा खोलीची आहे. नेहमीची आठच्या आकड्यासारखी कॉइल दोन-तीन सेंटीमीटरच्या पलीकडे फारशी पोहोचत नाही. म्हणजे भावनांची केंद्रं म्हणून आपण ज्यांची नावं ऐकतो, ते मेंदूच्या पोटातले भाग तिच्या टप्प्याबाहेरच राहतात.

तरीही नैराश्यावर ती चालते कशी? तर दुरून. डाव्या कपाळाच्या वर, केसांच्या रेषेच्या जरा मागे, मेंदूचा एक भाग आहे: योजना आखणं, लक्ष टिकवणं, मनाला आवर घालणं ही त्याची कामं. नैराश्यात तो मंदावलेला आढळतो, तर मध्यरेषेजवळ खोलात असलेला दुसरा एक भाग, सबजेन्युअल सिंग्युलेट, जास्तच जागा असतो. दोघांचं नातं बहुतेकदा उलटं: एक वर गेला की दुसरा खाली. वरच्याला रोज ठोके देऊन जागतं ठेवलं तर खालचा शांत होईल, असा हा आडाखा. १९९५ मध्ये अमेरिकेत मार्क जॉर्ज यांच्या गटाने सहा रुग्णांवर तो करून पाहिला. तिथून पुढे टीएमएस, म्हणजे कवटीबाहेरून चुंबकीय उद्दीपन, ही नैराश्याच्या उपचारातली शाखाच झाली, आणि २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पहिल्या यंत्राला मान्यता दिली.

प्रत्यक्षात हा उपचार कसा दिसतो? दंतवैद्याकडे असते तसल्या खुर्चीत रुग्ण जागा बसलेला असतो, कानात बोळे घातलेले. पहिल्या दिवशी तंत्रज्ञ कॉइल हळूहळू सरकवत अशी जागा शोधतो की ठोका दिला की उजव्या हाताचा अंगठा उडतो. किती जोराचा ठोका दिल्यावर अंगठा उडतो, त्यावरून त्या माणसाची मात्रा ठरते, प्रत्येकाची वेगळी. मग कॉइल पुढे कपाळाकडे नेतात. ‘टक-टक-टक-टक’ असे सेकंदाला दहा ठोके, चार सेकंद. मग सव्वीस सेकंद विश्रांती. असं साडेसदतीस मिनिटं, एकूण ३,००० ठोके. आठवड्यातले पाच दिवस, चार ते सहा आठवडे. टाळूवर कुणी टिचक्या मारतंय असं वाटतं, काहींचं डोकं दुखतं, काहींच्या डोळ्याजवळचा स्नायू फडफडतो. फीट येण्याचा धोका आहे, पण हजारात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी. डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर हा उपचार करता येत नाही. बाकीचे रुग्ण सत्र संपलं की उठून चालत घरी जातात.

पुढे ठोक्यांची नवी लय सापडली, थीटा बर्स्ट. ६०० ठोके तीन मिनिटांत. २०१८ मध्ये कॅनडातल्या ४१४ रुग्णांवरच्या चाचणीत ही तीन मिनिटं त्या साडेसदतीस मिनिटांपेक्षा कमी पडत नाहीत, असं दिसलं. एका यंत्रावर दिवसाला किती रुग्ण होतील याचा विचार केला, तर आपल्यासारख्या देशासाठी मला हीच या क्षेत्रातली सर्वांत मोलाची बातमी वाटते.

मात्र इथवरचे सगळे मोठे अभ्यास झाले ते एकध्रुवीय नैराश्यावर, म्हणजे ज्यांना कधी उन्माद आलेला नाही अशा रुग्णांवर. बायपोलर रुग्णांना अशा चाचण्यांतून सहसा वगळतात. कारण उघड आहे: आजाराचं गणितच वेगळं. त्यामुळे ‘नैराश्यावर चुंबकीय उपचार चालतो’ हे वाक्य बायपोलरच्या रुग्णापर्यंत पोहोचतं तेव्हा ते उसनं असतं. त्याच्या स्वतःच्या आजारावरचा पुरावा वेगळा शोधावा लागतो, आणि तो शोधायला गेलं की अभ्यास छोटे होत जातात आणि निकाल एकमेकांशी भांडू लागतात.

ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या संशोधकांनी २०१७ मध्ये जरा खोलवर पोहोचणारी, शिरस्त्राणासारखी कॉइल ५० बायपोलर रुग्णांवर वापरली. चार आठवड्यांनी खऱ्या उपचाराचा गट खोट्या, म्हणजे नुसत्या दिखाव्याच्या, उपचाराच्या गटापेक्षा सुधारलेला दिसला. आठव्या आठवड्यात पाहिलं तर तो फरक उरला नव्हता. २०२१ मध्ये कॅनडात ३७ रुग्णांवर चार आठवडे रोज थीटा बर्स्ट देणारी चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण अर्ध्या वाटेवर हिशेब केल्यावर कळलं की पुढे जाऊनही खऱ्या-खोट्यात फरक निघणार नाही. मग २०२४ मध्ये फिलाडेल्फियाहून अगदी उलटी बातमी आली. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या इव्हेट शेलाइन यांच्या गटाने औषधांना दाद न देणाऱ्या २४ बायपोलर रुग्णांना दिवसाला दहा सत्रं, असे पाच दिवस उपचार दिले. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी एकध्रुवीय नैराश्यासाठी बसवलेली ही पद्धत: एका सत्रात १,८०० ठोके, म्हणजे पाच दिवसांत ९०,०००. कॉइल कुठे धरायची हेही आडाख्याने नाही, तर प्रत्येकाच्या मेंदूचं स्कॅन काढून ठरवलेलं. नैराश्याच्या मोजपट्टीवर खऱ्या उपचाराचा गट ३०.४ वरून १०.५ वर उतरला. खोट्या उपचाराचा २८ वरून जेमतेम २५.३ वर.

आता कुणावर विश्वास ठेवायचा? मात्रा कितीतरी पट जास्त, जागा नेमकी, म्हणून फिलाडेल्फियात जमलं आणि कॅनडात नाही, असं म्हणता येईल. पण २४ हा आकडा पुन्हा वाचा. त्यातले बारा खरे, बारा खोटे. इतक्या थोड्या माणसांत चार-दोन रुग्ण इकडचे तिकडे झाले तरी निकालाचा चेहरा बदलतो. मला हा अभ्यास आशादायक वाटतो, निर्णायक वाटत नाही.

खोट्या उपचाराबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण बायपोलरमध्ये त्याचं महत्त्व दुप्पट आहे. खोटी कॉइल तशीच दिसते, तसाच आवाज करते, फक्त मेंदूपर्यंत काही पोहोचवत नाही. रोज सकाळी उठून, तोंड धुऊन, कपडे बदलून रुग्णालयात जायचं, तिथे ओळखीची झालेली सिस्टर ‘आज कसं वाटतंय?’ म्हणून विचारणार. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी एवढं घडणं हाही उपचारच. शिवाय बायपोलरचं नैराश्य मुळात लाटेसारखं येतं आणि बऱ्याचदा आपलं आपण ओसरतं. ओसरायच्या आठवड्यात जो समोर उभा असेल, श्रेय त्याला मिळतं. मग ते चुंबक असो, काढा असो की अंगारा. त्यामुळे ‘आमच्याकडे शंभरातले सत्तर बरे झाले’ असं कुणी सांगितलं तर विचारावं: तुलनेला कोण होतं?

याचा सर्वांत मजेदार धडा बोस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात मिळाला. तिथे बायपोलर रुग्णांच्या मेंदूतलं रसायन पाहण्यासाठी एका खास प्रकारचं एमआरआय स्कॅन चालू होतं. उपचाराचा कुणाच्या मनात विचारही नव्हता. पण स्कॅन करणाऱ्यांच्या लक्षात आलं की उदास चेहऱ्याने आत गेलेले काही रुग्ण हसत बाहेर येतायत. संशोधकांनी रीतसर तपासलं. २००४ मधला निकाल असा: ते खास स्कॅन झालेल्या ३० बायपोलर रुग्णांपैकी २३ जणांनी मन हलकं झाल्याचं सांगितलं, तर खोटं स्कॅन झालेल्या दहांपैकी तिघांनीच. मग त्याच प्रकारचं सौम्य क्षेत्र देणारं टेबलावर मावेल असं यंत्र बनवलं, २०१४ मध्ये त्याचेही चांगले परिणाम छापून आले. हा खजिनाच सापडला, असं वाटलं. पुढे औषधांना न जुमानणाऱ्या नैराश्यावर अनेक रुग्णालयांत मिळून मोठी चाचणी झाली, तेव्हा मात्र खऱ्या आणि खोट्या यंत्रात फरक निघाला नाही. मेंदूच्या उद्दीपनाच्या इतिहासात अशी पहिली वाहवा आणि नंतरची शांतता अनेकदा आली आहे. फिलाडेल्फियाचा निकाल वाचताना मला मॅक्लीनची आठवण येते ती यामुळेच.

चुंबकाचा एक गरीब भाऊबंदही आहे, टीडीसीएस. यात खारट पाण्यात भिजवलेले दोन स्पंज कपाळाच्या दोन बाजूंना बांधून त्यांतून दोन मिलिअँपिअरचा, जवळजवळ जाणवणारही नाही इतका, सरळ प्रवाह सोडतात. याने पेशी पेटत नाहीत. पेटायला थोड्या अधिक किंवा कमी उत्सुक होतात, एवढंच. यंत्र स्वस्त, हातात मावणारं. २०१८ मध्ये, पुन्हा साओ पावलोतच, ५९ बायपोलर रुग्णांवर याची चाचणी झाली. सगळ्यांची औषधं चालू होती. लक्षणं निम्म्याने कमी झालेल्यांचं प्रमाण खऱ्या उपचाराने ६७.६ टक्के, खोट्याने ३०.४. मात्र नैराश्य पूर्ण ओसरलेल्यांच्या बाबतीत दोन गटांतला फरक खात्रीलायक ठरला नाही. बायपोलरवरचं पुरेशा काळजीने केलेलं काम म्हणून या छोट्या अभ्यासाचं वजन मी बरंच मानतो. यंत्र इतकं साधं म्हणून इंटरनेटवरून बॅटरी आणि स्पंज मागवून घरीच प्रयोग करणारेही निघाले आहेत. तसं करू नये. कपाळ भाजण्याचा धोका तर आहेच, पण खरा धोका असा की नैराश्यात आहोत की संमिश्र अवस्थेत, हे माणसाला स्वतःचं स्वतःला ओळखता येत नाही.

उन्माद उसळण्याच्या भीतीचं काय? २००८ मध्ये तोवरच्या ५३ चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा उन्मादाचं प्रमाण खऱ्या चुंबकीय उपचारात ०.८४ टक्के आणि खोट्यात ०.७३ टक्के आढळलं. म्हणजे धोका मोठा नाही. पण त्या चाचण्यांतही बहुसंख्य रुग्ण एकध्रुवीयच होते आणि बायपोलर रुग्णांमध्ये प्रमाण थोडं चढंच दिसलं. म्हणून सावध डॉक्टर मूड स्टॅबिलायझरचं छत्र असल्याशिवाय बायपोलर रुग्णाला या खुर्चीत बसवत नाहीत. ‘गोळ्यांपासून मुक्ती’ अशी जाहिरात या आजारासाठी कुणी करत असेल, तर तिथून परत फिरावं.

आता आपल्या दारातली गोष्ट. पुण्या-मुंबईत ही यंत्रं काही खासगी क्लिनिकांत आणि मोठ्या रुग्णालयांत आली आहेत. पण बीड किंवा गडचिरोलीच्या रुग्णाला चार ते सहा आठवडे, रोज, सोबत एक माणूस घेऊन शहरात राहायचं म्हणजे उपचाराच्या खर्चाइतकाच राहण्या-जेवणाचा खर्च, वर सोबतच्याची बुडालेली मजुरी. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यायला २०१७ च्या कायद्याने कंपन्यांना बांधलं आहे. पण बऱ्याच पॉलिसी भरती झाल्याशिवाय पैसे देत नाहीत, आणि या उपचारात भरती व्हावं लागतच नाही. पाच दिवसांच्या वेगवान पद्धतीचं आकर्षण इथे खरं कळतं. ती टिकाऊ ठरली तर अमेरिकेपेक्षा आपल्याला तिची गरज अधिक.

दुसरीही बाजू आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलरच्या सुमारे ७० टक्के रुग्णांपर्यंत कुठलाच उपचार पोहोचत नसल्याचं दिसलं. त्यांच्यासाठी पहिली गरज कॉइलची नाही. जिल्हा रुग्णालयात नियमित मिळणारं लिथियम, त्याची रक्तातली पातळी वेळच्या वेळी तपासायची सोय, आणि नैराश्य घेऊन आलेल्याला ‘याआधी कधी फार उत्साहात, कमी झोपेत, खूप खर्चात दिवस गेले होते का?’ असं विचारायला वेळ असलेला डॉक्टर, हे आधी हवं. हा प्रश्न न विचारल्यामुळे कित्येक बायपोलर रुग्ण वर्षानुवर्षं साध्या नैराश्याच्या गोळ्या खात राहतात.

औषधं नीट दिली, नीट घेतली, तरी नैराश्य हटत नाही आणि शॉकची गरज किंवा तयारी नाही, अशा रुग्णासाठी आजच्या पुराव्यावर चुंबकीय उपचार हा मान्य करण्याजोगा पर्याय आहे: जोड म्हणून, बदली म्हणून नाही. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एका कंपनीच्या यंत्राला बायपोलर नैराश्यासाठी ‘ब्रेकथ्रू’ दर्जा दिला. त्याचा अर्थ अर्ज लवकर तपासू एवढाच, त्याला मान्यता समजू नये. सल्ला घ्यायला जाल तेव्हा डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. माझं निदान बायपोलर आहे हे धरूनच तुम्ही हा उपचार सुचवताय ना? या काळात माझं मूड स्टॅबिलायझर कोणतं आणि किती? उन्मादाची चाहूल लागली तर मध्यरात्री फोन कुणाला करायचा? आणि फायदा झाला तर तो टिकवायला पुढे काय? आत्महत्येचे विचार येत असतील तर मात्र अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. घरच्यांना सांगा, जवळच्या रुग्णालयात जा, किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येतं.